जनरेटर क्रमांक एक्केचाळीस

काखेत कळसा आणि गावाला वळसा,
या एका म्हणीवर आमची कंपनी पोट भरते.
हार्टलपूलला, समुद्राला टेकून,
दीडशे एकरांचं आवार.
पवनचक्क्यांचे पाय आडवे पडलेत,
एकेकाच्या पोटातून बस जाईल एवढे,
आणि त्यांच्या आडोशाला रोज काहीतरी हरवतं.
शॅकल, साखळदंड, जॅक,
एकदा तर अख्खी शिडी.

मी टॅग चिकटवते.
काडेपेटीएवढा, पिवळा, आत पाच वर्षांची बॅटरी.
दर पंधरा मिनिटांनी हुंकार देतो:
इथे आहे, इतका गरम आहे, हललो, हललो नाही.
क्रेनच्या माथ्यावरचा अँटेना ते ऐकतो.
बाकी सगळं म्हणजे पडद्यावरचे ठिपके
आणि ऑफिसातल्या पॅटिसनबाईंचं समाधान.

लोखंड मात्र खोटारडं.
लहरी त्याच्यावर आपटून भलतीकडे जातात,
आणि शेडमधलं वेल्डिंग मशीन नकाशावर
गेटाबाहेर बसची वाट बघत उभं असतं.
कीथ थर्लवेल हसतो. एकतीस वर्षं झाली त्याला इथे.
काही विचारलं की डोळे मिटतो आणि सांगतो,
"सात नंबरच्या शेडमागे, ताडपत्रीखाली.
मंगळवारी डेननं ठेवला, आणायला विसरला."
तिथेच असतो.
ऑक्टोबरात तो निवृत्त होणार, म्हणून तर मला बोलावलं.
दोघांनाही माहीत आहे हे.
माझा चहा तरीही तोच आणतो.

मे महिन्यात, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
जनरेटर क्रमांक एक्केचाळीस, वजन दोन टन,
समुद्रावर उडाला.
हलू लागला की टॅग दर दहा सेकंदांनी बोलतो,
त्यामुळे घिरटी स्वच्छ दिसली,
बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन, वळून,
पेंट शेडच्या छपरावर उतरलेली.

जाऊन पाहिलं. जनरेटर जागच्या जागी.
अंगावर फक्त गोंदाचा चौकोन.
कीथनं मान वर केली.
"बटाट्याचा काप वाटला असेल बिचारीला."

मग अलार्म सुरू झाले. एक्केचाळीस तापलाय.
अडतीस अंश. रात्री अडतीस.
बाहेर दात वाजवणारं धुकं, तरी अडतीस.
आणि तासा-दीड तासाने एक बारीकसा कल,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा.
मी आलेखाकडे बघत बसले.
अशी एकसारखी ऊब कुठल्याच मशीनला येत नाही.

क्रेनच्या जिन्यावरून कीथ दुर्बीण घेऊन बघून आला.
तीन अंडी, चौथा आमचा.
सीगल त्यालाही चोचीने उलटवते,
पंक्तीत भेदभाव नाही.

घरट्याला हात लावायचा नाही, असा इथला कायदा.
पॅटिसनबाईंना अहवाल हवा होता.
हरवला, चोरीला गेला, मोडला,
फॉर्मवर एवढेच तीन रकाने.
मी हाताने चौथा आखला
आणि पेन धरून थांबले.
कीथ म्हणाला, "लिही. कामावर आहे."

जूनच्या शेवटी आलेख घसरला.
एकवीस. सतरा. चौदा.
हवेइतका.
ऑगस्टमध्ये शिडी लावून टॅग खाली आणला,
माशांचा वास काही केल्या जाईना,
कीथनं बाहीला पुसून तो परत
जनरेटरच्या पाठीवर थापला,
बैलाला थापावं तसा.

ऑक्टोबरातला शेवटचा शुक्रवार. केक, टाळ्या, एक घड्याळ.
जाताना मला एवढंच म्हणाला, "डेन विसरतो. लक्षात ठेव."
ओळखपत्र गेटावर जमा केलं.
त्यालाही टॅग होता, मीच लावलेला.
बंद करायचं राहून गेलंय.
ड्रॉवरमधून दर पंधरा मिनिटांनी येतं:
इथे आहे. अकरा अंश.
हललो नाही.